दिवसातली ३६ मिनिटे : वाशिमवरून जाणारे हौशी रेडिओ उपग्रह

दिवसाची मिनिटे १,४४०. जमिनीपासून ५०० किमी उंचीवर, उत्तर-दक्षिण कक्षेत फिरणारा एक हौशी रेडिओ उपग्रह त्यांतली सरासरी ३६ मिनिटे वाशिमच्या क्षितिजाच्या वर असतो. हे प्रमाण २.५ टक्के भरते. क्षितिजालगतचा, झाडे आणि इमारतींच्या आड जाणारा काळ वगळून १० अंशांच्या वरचाच काळ धरला तर १५ मिनिटे उरतात, म्हणजे १ टक्का. बंगळुरूच्या वाट्याला याहून जास्त येत नाही, उलट किंचित कमी येते. ध्रुवीय कक्षा विषुववृत्तापाशी सर्वांत विरळ असतात आणि ध्रुवांकडे दाट होत जातात, त्यामुळे सात अंश उत्तरेला असण्याचा थोडा फायदा वाशिमला मिळतो.

या लेखातले पासचे काळ, अंतरे आणि कोन वाशिम शहर २०.११ अंश उत्तर, ७७.१३ अंश पूर्व येथे धरून भूमितीने काढले आहेत. उपग्रह क्षितिजावर उगवून मावळेपर्यंतच्या फेरीला हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, ‘पास’ म्हणतात. वर सांगितलेल्या कक्षेत असे पास दिवसाला सरासरी चार होतात, दोन एका वेळी आणि दोन साधारण १२ तासांनी. उपग्रह नेमका डोक्यावरून गेला तर पास ११.६ मिनिटांचा, सरासरी ९ मिनिटांचा. ४ गुणिले ९, म्हणून ३६.

आता अंतर. वाशिम ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ४६० किमी. डोक्यावर आलेला उपग्रह त्यापेक्षा फक्त ४० किमी लांब असतो. तोच उपग्रह क्षितिजावर असताना २,५७३ किमी दूर असतो. अंतर पाच पटींनी वाढले की लहरींची शक्ती २६ पटींनी घटते, आणि हा २६ पटींचा चढउतार साडेपाच-सहा मिनिटांत पार पडतो. ४३७ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाने १ वॅट शक्ती सोडली, तर तो डोक्यावर असताना साध्या अँटेनाला त्या वॅटचा सुमारे ८४ लाख कोटीवा भाग मिळतो आणि क्षितिजावर २,२०० लाख कोटीवा. एवढ्याशा शक्तीतूनही शब्द ऐकू येतो, कारण चांगल्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट त्याहून कमी असतो. सौदी अरेबियाचा एसओ-५० हा उपग्रह डिसेंबर २००२मध्ये कक्षेत गेला. त्याचा ट्रान्समीटर पाव वॅटचा, म्हणजे २५० मिलिवॅटचा. हातातल्या ५ वॅटच्या वॉकीटॉकीच्या तुलनेत ही शक्ती विसावा हिस्सा आहे. जगभरच्या हॅमनी त्यावर वर्षानुवर्षे संभाषणे केली.

जमिनीवरच्या साहित्याचे गणित यावरून निघते. ४३७ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ६८.६ सेंमी, तिचा चतुर्थांश १७ सेंमी. १४५.८ मेगाहर्ट्‌झसाठी हाच चतुर्थांश ५१ सेंमी. उपग्रहावरची अँटेना बहुधा पोलादी मोजपट्टीसारख्या स्प्रिंगच्या पात्याची असते. प्रक्षेपणाच्या वेळी ती घडी घालून नायलॉनच्या दोऱ्याने बांधतात आणि कक्षेत गेल्यावर तारेच्या उष्णतेने दोरा तोडतात. खाली हातात धरायची सात काड्यांची यागी अँटेना मिळालेली शक्ती सुमारे १० पट करते. पण ही दसपट कमाई वायरमध्ये हरवू शकते. आरजी-५८ ही हॅममध्ये सर्रास वापरली जाणारी ५० ओहमची केबल ४३५ मेगाहर्ट्‌झवर दर १० मीटरला साडेतीन डेसिबलच्या आसपास खाते. याचा अर्थ, गच्चीवरून खोलीत येईपर्यंत निम्म्याहून जास्त शक्ती संपते. केबल टीव्हीवाले वापरतात ती ७५ ओहमची आरजी-६ तेवढ्याच लांबीत साधारण १.४ डेसिबल खाते, म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त शक्ती शिल्लक राहते. ५० आणि ७५ ओहमच्या जोडातून होणारा तोटा ४ टक्क्यांचा. केवळ ऐकायचे असेल तर गल्लीतल्या केबलवाल्याकडची वायर सरस ठरते, हे हिशेब मांडल्याखेरीज पटत नाही.

तिसरी अडचण वेगाची. ५०० किमीवरचा उपग्रह सेकंदाला ७.६ किमी जातो. तो जवळ येताना वारंवारता वर सरकते आणि दूर जाताना खाली. ४३५ मेगाहर्ट्‌झवर ही सरक कमाल १०.२ किलोहर्ट्‌झ, १४५वर ३.४. डोक्यावरच्या पासमध्ये ऐकणाऱ्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० किलोहर्ट्‌झची फिरवाफिरव करावी लागते आणि तिचा मोठा भाग मधल्या दोन-तीन मिनिटांत उरकावा लागतो. वरच्या पट्ट्यात ताकद कमी म्हणून नवशिक्याचा पास हुकतो असे नाही. बहुतेक वेळा तो या सरकण्याने हुकतो.

या खेळात महाराष्ट्राचा वाटा किती? महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांनी बनवलेले आणि हौशी रेडिओच्या पट्ट्यांशी किंवा संदेश पुढे पाठवण्याच्या कामाशी नाते असलेले चार प्रयत्न मला मोजता येतात. पुण्याचा ‘स्वयम्’ २०१६चा, मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ त्याच वर्षीचा, नागपूरचा ‘जीएचआरसीई-सॅट’ २०२१चा आणि मुंबईचा ‘बिलीफसॅट-०’ २०२४चा. वाशिमपासून सरळ रेषेत नागपूर २३५ किमी, पुणे ३८५, मुंबई ४६०. चारपैकी तीन पुणे-मुंबईचे आणि विदर्भातला एक.

‘स्वयम्’ कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पुणे म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने २० उपग्रह नेले, त्यांचे एकूण वजन १,२८८ किलो. यांत मुख्य उपग्रह कार्टोसॅट-२ मालिकेतला, ७२७.५ किलोचा. ‘स्वयम्’ सुमारे १ किलोचा, म्हणजे एकूण वजनाच्या ०.०८ टक्के. या एका किलोत संगणक, बॅटरी, सौरपट्ट्या, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर बसवले होते. एका ठिकाणच्या हॅमने संदेश वर पाठवायचा, उपग्रहाने तो साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा, हे त्याचे काम. थोडक्यात, टपालाचा थैला घेऊन जाणारी गाडी.

त्याची दिशा सांभाळण्याची युक्ती सर्वांत कमी खर्चाची आहे. आत एक कायमचा चुंबक आणि डोलणे शोषून घेणाऱ्या खास धातूच्या काड्या. वीज शून्य. चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून राहतो, आणि त्या रेषा ध्रुवांपाशी उभ्या आणि विषुववृत्तापाशी आडव्या असल्यामुळे उपग्रह दर प्रदक्षिणेत आपोआप दोन वेळा कुशी बदलतो. होकायंत्राची सुई कक्षेत नेऊन ठेवल्यासारखी ही रचना आहे. एक किलोच्या हद्दीत मोटारी आणि चाके बसत नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांनी भूचुंबकत्वालाच कामाला लावले. या क्षेत्रातले मला सर्वांत आवडलेले उत्तर हेच.

‘प्रथम’ दहापट जड, १० किलोचा. २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५च्या आठ उपग्रहांत तो होता. एकूण वजन ६७५ किलो, त्यांत ‘प्रथम’चा वाटा १.५ टक्के. पीएसएलव्हीने एकाच उड्डाणात दोन निरनिराळ्या कक्षांत उपग्रह सोडण्याची ती पहिली वेळ, आणि त्यामुळे मोहीम सव्वादोन तास चालली. ‘प्रथम’चे काम गप्पांचे नव्हते. आयनावरणात किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजायचे होते. रेडिओ लहर त्या थरातून येताना तिचे ध्रुवीकरण फिरते आणि हे फिरणे वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. १४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास ते ४३७च्या तुलनेत ९ पट होते. जमिनीवरच्या अँटेनाने कोन मोजला की इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते. याचा व्यावहारिक अर्थ वाशिमच्या गच्चीवरही लागू पडतो. यागी आडवी धरून आवाज गेला तर ती उभी करावी. तो गेलेला आवाज पुष्कळदा उपग्रहाचा दोष नसतो, मधल्या आयनावरणाचा परिणाम असतो.

नागपूरच्या जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उपग्रह २८ फेब्रुवारी २०२१ रोजी पीएसएलव्ही-सी५१ने गेला. मुख्य उपग्रह ब्राझीलचा ६३७ किलोचा अमेझोनिया-१, सोबत १८ प्रवासी. त्यांत ‘युनिटीसॅट’ नावाने तीन महाविद्यालयांचे तीन उपग्रह होते, श्रीपेरुंबुदूर, कोइंबतूर आणि नागपूर येथले. त्यांचा जाहीर उद्देश रेडिओ रिले, म्हणजे एकाचा संदेश दुसऱ्यापर्यंत पोचवणे. इथे १ भाग नागपूर आणि २ भाग तमिळनाडू हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

चौथा प्रयत्न वेगळ्या जातीचा. के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा ‘बिलीफसॅट-०’ स्वतंत्र उपग्रह नव्हताच. १ जानेवारी २०२४च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणानंतर रॉकेटचा चौथा टप्पा ३५० किमीवर आणून त्याचाच प्रयोगमंच केला गेला, त्याचे नाव पोएम-३. त्यावरच्या उपकरणांत हे हौशी रेडिओचे उपकरण बसवले होते. पहिल्या २५ दिवसांत मंचाने ४०० प्रदक्षिणा केल्या आणि २१ मार्च २०२४ रोजी तो वातावरणात शिरून संपला. ८० दिवसांचे आयुष्य. याआधी १ एप्रिल २०१९ रोजी पीएसएलव्ही-सी४५च्या चौथ्या टप्प्यावरही अॅमसॅट-इंडिया या हौशी उपग्रह संघटनेचे एपीआरएस, म्हणजे छोटे मजकूर आणि ठिकाण फिरवणारे उपकरण, बसवलेले होते. रॉकेटचा टप्पा एरवी कचरा होतो. सौरपट्ट्या, दिशानियंत्रण आणि वीज मंचाकडून मिळाली की महाविद्यालयाला फक्त रेडिओ बनवावा लागतो. खर्चाचा आणि वेळेचा मोठा भाग वगळला जातो, पण आयुष्य वर्षांऐवजी आठवड्यांत मोजावे लागते.

आयुष्याची मोजणी करायची तर तुलना ‘हॅमसॅट’शी करावी लागते. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ने १,५६० किलोच्या कार्टोसॅट-१बरोबर इस्रोने बनवलेला ४२.५ किलोचा हॅमसॅट नेला, एकूण वजनाच्या २.७ टक्के. त्यावर दोन ट्रान्सपाँडर (आलेली लहर दुसऱ्या पट्ट्यात पुन्हा सोडणारी उपकरणे) होते, एक भारतीय बनावटीचा आणि एक नेदरलँड्समधल्या एका हॅमने बनवलेला. नियोजित आयुष्य दोन वर्षे. जुलै २०१४मध्ये लिथियम-आयन बॅटरी निकामी होईपर्यंत तो चालला, म्हणजे ९ वर्षे २ महिने, नियोजनाच्या ४.६ पट. जगातल्या हॅमनी त्याला व्हीओ-५२ या क्रमांकाने ओळखले.

त्याच्या पट्टीची रुंदी ६० किलोहर्ट्‌झ. एका आवाजाला अडीच किलोहर्ट्‌झच्या आत जागा लागते, म्हणून कागदावर तरी २४ संभाषणे एकाच वेळी शक्य होती. वर जाणारी लहर ४३५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात, खाली येणारी १४५च्या. आणि पट्टी उलटी, म्हणजे वर पाठवलेला उंच स्वर खाली खालच्या टोकाला येणार. ही उलटापालट मुद्दाम केलेली असते. दोन्ही पट्ट्यांची सरक एकमेकींत मिळवली तर हॅमसॅटच्या उंचीवर १३.३ किलोहर्ट्‌झ होते. उलट्या पट्टीत ती वजा होते आणि ६.६ उरते. एका चिन्हाच्या बदलाने अर्धी अडचण गेली.

याच्या शेजारी अमेरिकेच्या अॅमसॅटचा एओ-७ ठेवला की बॅटरीचा मुद्दा स्पष्ट होतो. तो १५ नोव्हेंबर १९७४ला गेला आणि १९८१मध्ये बॅटरीत शॉर्ट होऊन बंद पडला. २१ वर्षांनी, २१ जून २००२ रोजी तो पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी कालांतराने ‘ओपन’ झाली आणि सौरपट्ट्यांची वीज थेट ट्रान्सपाँडरला मिळू लागली. तेव्हापासून तो सूर्यप्रकाशात जागा असतो, सावलीत बंद. दोन्ही उपग्रहांत आधी संपली ती बॅटरी.

सुरुवातीचा आकडाही नोंदवतो. पहिला हौशी उपग्रह ऑस्कर-१ अमेरिकेतून १२ डिसेंबर १९६१ला गेला, स्पुटनिकनंतर चार वर्षे दोन महिन्यांनी. वजन ४.५ किलो, शक्ती ०.१४ वॅट, आणि मोर्समध्ये फक्त ‘हाय’ एवढा संदेश. २८ देशांतल्या ५७०हून अधिक हॅमनी तो ऐकून कळवले. ‘स्वयम्’ साडेचौपन्न वर्षांनी गेला, त्याचे वजन ऑस्कर-१च्या २२ टक्के होते आणि त्याला संदेश साठवता येत होते.

महाविद्यालयाबाहेर, शाळेच्या पातळीवर एकाच वर्षात निकाल कसा उलटतो याचे उदाहरण ‘आझादीसॅट’. देशभरातल्या ७५ शाळांतल्या ७५० मुलींनी तयार केलेला ८ किलोचा हा उपग्रह ७ ऑगस्ट २०२२ रोजी एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात गेला. रॉकेटने ३५६ किमीच्या गोल कक्षेऐवजी ३५६ गुणिले ७६ किमीची लंबवर्तुळ कक्षा दिली आणि उपग्रह वाया गेला. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ला, ‘आझादीसॅट-२’ ८.७ किलोचा, आधीच्या तुलनेत ९ टक्के जड, ४५० किमीवर नीट पोचला. त्यावर लोरा या कमी शक्तीच्या डेटा-रेडिओ पद्धतीची आणि हौशी रेडिओ संपर्काची उपकरणे होती. त्याची कक्षा विषुववृत्ताशी ३७.२ अंशांचा कोन करणारी. वाशिमसाठी हा फरक मोठा आहे. उंची ५० किमीने कमी असूनही असा उपग्रह दिवसाला सरासरी ७२ मिनिटे क्षितिजाच्या वर येतो, ध्रुवीय उपग्रहाच्या दुप्पट. तो ध्रुवांकडे वेळ घालवत नाही, त्याचा सगळा वेळ ३७ अंशांच्या आतल्या लोकांना मिळतो.

आता खालच्या बाजूला किती माणसे आहेत ते पाहू. भारतातल्या हौशी रेडिओ परवान्यांचा नेहमी दिला जाणारा आकडा २२ हजारांच्या आसपासचा आहे. १४० कोटी लोकसंख्येत ६३ ते ६४ हजारांमागे एक. अमेरिकेत साडेसात लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण ४५० माणसांमागे एक. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६०. भारतीय सरासरीने या लोकसंख्येमागे १९ हॅम यायला हवेत, अमेरिकी सरासरीने २,६००हून अधिक. १९ हा सरासरीचा आकडा आहे, मोजणीचा नव्हे. पण तो एवढे सांगतो की सरासरी गाठायलाही सहा तालुक्यांत प्रत्येकी तीन परवानेधारक पुरतात, वर एक उरतो. १९७८च्या नियमांनी परवान्यासाठी किमान वय १२ वर्षे ठरवले. सातवीतली मुलगी परीक्षा देऊन व्हीयू३ने सुरू होणारे कॉलसाइन मिळवू शकते. रेडिओवर लहरी सोडण्यासाठी हा परवाना लागतोच.

परवानेधारक कमी असण्याचा परिणाम एका विचित्र आकड्यात दिसतो. ५०० किमीवरच्या उपग्रहाला एका क्षणी १.८६ कोटी चौरस किमी जमीन आणि समुद्र दिसतो, भारताच्या ५.६ पट. एसओ-५०सारख्या एकाच चॅनेलच्या एफएम उपग्रहावर या सगळ्या प्रदेशातून एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. वाशिम जिल्ह्याचे ४,८९८ चौरस किमी त्यात ०.०२६ टक्के. युरोपवर हा चॅनेल गर्दीने बुजतो, कारण तेवढ्याच वर्तुळात हजारो परवानेधारक येतात. भारतावरून जाताना रांग लहान असते. म्हणजे वाशिमच्या हॅमला मिनिटे कमी मिळाली तरी त्या मिनिटांत बोलण्याची संधी जास्त मिळते. आणि बोलणे पोचते किती दूर? दोन ठिकाणांना एकाच वेळी उपग्रह दिसायला हवा, त्यामुळे ५०० किमी उंचीवरून कमाल अंतर ४,८९० किमी. वाशिमपासून कैरो आणि मनिला दोन्ही ४,७०० किमीच्या आसपास आहेत. दोन्ही हद्दीच्या आत, जेमतेम.

आवाज सोडून मजकुराकडे वळले की मराठीचा स्वतःचा प्रश्न समोर येतो. हौशी उपग्रहांवर रुळलेला जुना वेग सेकंदाला १,२०० बिट. वापरण्याजोग्या १५ मिनिटांत १०.८ लाख बिट, म्हणजे १,३५,००० बाइट. मोबाइलवर आलेला एक फोटो बहुधा याहून मोठा असतो. रोमन लिपीत एका अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे. ‘वाशिम’ हा शब्द १५ बाइटांचा. एपीआरएसच्या एका संदेशाची मर्यादा ६७. ‘पाऊस थांबला, रस्ता बंद’ या ओळीला ५८ बाइट लागतात, तेच रोमन लिपीत लिहिले तर २४. तफावत २.४ पट. ओळ पूर्ण झाल्यावर मराठीत आणखी तीन चिन्हांची जागा उरते, गावाचे नावही बसत नाही. पुराच्या रात्री मोबाइलचा मनोरा बंद असताना हा संदेश कामाचा, आणि नेमका तोच आपल्या लिपीत सर्वांत तोकडा पडतो. देवनागरीच्या शंभर-सव्वाशे चिन्हांना प्रत्येकी एक बाइट देणारा तक्ता बनवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ते काम एखाद्या महाविद्यालयाने हाती घ्यावे, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी रॉकेट लागत नाही.

ठिकाण कळवण्याची हॅमची पद्धत जगाच्या नकाशाचे चौकोन पाडते, दोन अंश रेखांश गुणिले एक अंश अक्षांश. वाशिम, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा ही पाच तालुक्यांची गावे ‘एमएल८०’ या चौकोनात येतात. रिसोड २० अंश अक्षांशाच्या दोन-तीन किमी दक्षिणेला आहे, म्हणून ते ‘एमके८९’मध्ये. चौकोन गोळा करण्याचा छंद हॅममध्ये जगभर आहे. वाशिमहून रिसोडला जाणारा माणूस त्यांच्या वहीत एका चौकोनातून दुसऱ्यात जातो.

वाशिमला रेखांशाची गोष्ट नवी नाही. हे वाकाटकांचे वत्सगुल्म. प्राचीन भारतीय गणितज्ञ लंकेपासून मेरूपर्यंत जी मध्यरेषा धरत, तिच्यावरच्या ठिकाणांत वत्सगुल्माचे नाव येते, आणि शहरातल्या मध्यमेश्वर मंदिराचे नाव त्या रेषेशी जोडले जाते. त्याच रेषेवर उज्जयिनी मानली जाई. आजच्या मोजणीत उज्जैन ७५.७७ अंशांवर आणि वाशिम ७७.१३वर, फरक सुमारे १.३६ अंश, वाशिमच्या अक्षांशावर १४२ किमी. घटिकायंत्र आणि ग्रहणे यांच्या आधारे केलेल्या मोजणीतली ही चूक. ५०० किमीवरच्या उपग्रहाच्या थेट खालचा बिंदू जमिनीवरचे तेवढे अंतर २० सेकंदांत कापतो.

शेवटचा आकडा २.५ टक्क्यांना छेद देणारा आहे. नोव्हेंबर २०१८मध्ये गेलेल्या कतारच्या एसहैल-२ या दूरचित्रवाणी उपग्रहावर हौशी रेडिओचे ट्रान्सपाँडर बसवले आहेत. हॅम त्याला क्यूओ-१०० म्हणतात. भूस्थिर कक्षेतला हा पहिला हौशी रेडिओ पत्ता. तो २५.९ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे, त्यामुळे वाशिमसाठी तो १,४४०पैकी १,४४० मिनिटे क्षितिजाच्या वर असतो. अंतर ३८,८०० किमी, डोक्यावरच्या छोट्या उपग्रहाच्या ७८ पट. पण डॉपलर, म्हणजे वारंवारतेची ती सरक, जवळजवळ शून्य आणि अँटेना फिरवावी लागत नाही. आवाजाची खाली येणारी पट्टी १०,४८९.५ ते १०,४९० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे घराघरांवरच्या छत्र्या ज्या केयू पट्ट्यावर चालतात त्याच्या लगतची. छत्रीच्या तोंडाशी बसणारी युनिव्हर्सल एलएनबी यातून ९,७५० वजा करते आणि ७३९.५च्या पुढची वारंवारता केबलमध्ये सोडते. संगणकाला जोडायचा आरटीएल-एसडीआर हा बोटाएवढा रिसीव्हर २४पासून १,७६६ मेगाहर्ट्‌झपर्यंत ऐकतो, त्यामुळे ती त्याच्या आवाक्यात येते.

वाशिममध्ये फ्री डिशची छत्री ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५कडे, म्हणजे आग्नेयेला १३९.५ अंशांवर, क्षितिजापासून ६० अंश वर बघत असते. वापरात नसलेली एखादी छत्री घेऊन ती दक्षिणेवरून पश्चिमेकडे ११५ अंश फिरवायची, २५४.६वर थांबवायची आणि ६०वरून २८.४ अंशांपर्यंत खाली वाकवायची. त्या दिशेला २८ अंशांपर्यंत झाड किंवा भिंत आड येत नसेल, तर कैरो ते केपटाउनपर्यंतचे आवाज त्याच छत्रीत येतात.